काढून ठेवलेली कडी

सासूबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी आंघोळ करत होते. आमच्या बाथरूमच्या दाराला तेव्हा आतून कडी नव्हती, त्यामुळे घरात एक रीत पडून गेली होती. बाहेरून जाणाऱ्याने दाराशी थांबून विचारायचं, 'आहेस ना?' आणि आतल्याने म्हणायचं, 'आहे.' त्या दिवशी सकाळी नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नेहमीसारखं विचारलं. मी नेहमीसारखं 'आहे' म्हटलं. एरवी तो पुढे निघून जायचा. त्या दिवशी त्याची सावली दाराखालच्या फटीत तशीच राहिली. मी पाणी बंद केलं. मग तो म्हणाला, "आई गेली गं... उमरेडहून मामाचा फोन होता." भाच्याच्या लग्नासाठी त्या आदल्या दिवशी एसटीने उमरेडला गेल्या होत्या. सकाळी चहा मागितला, तो येईपर्यंत खुर्चीतच मान टाकली. चहा गरम नसला की बोलणी बसायची त्यांची, त्यामुळे थोरली भाचेसून कप घेऊन अक्षरशः धावत आली होती म्हणे.

तेरवीला माणसं खूप आली. लकडगंजातल्या आमच्या गल्लीत त्यांना ओळखत नाही असं कोणी नव्हतं. सासरे आरा मशीनवर होते, ते लवकर गेले, आणि त्यानंतर शकुंतलाबाई हे नाव लाकडाच्या वखारींपासून किराणा दुकानापर्यंत जरा दबकूनच घेतलं जाई. येणारा प्रत्येक जण त्यांच्या पुरणपोळीबद्दल आणि आवाजाबद्दल बोलत होता. आवाज होताच तसा. त्या स्वयंपाकघरातून बोलल्या की चौकातला भाजीवाला उत्तर द्यायचा. आणि मग सगळ्या बायका माझ्याकडे वळून म्हणत, "तुझी तर आईच होती गं ती." मी मान हलवत होते, पण मनातून चिडत होते. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. तिची जागा रिकामी आहे, आणि ती कोणी भरावी असं मला कधी वाटलं नाही. या माझ्या सासूबाई होत्या. भाजीत मीठ कमी पडलं की ऐकवणाऱ्या, माझ्या कोल्हापुरी बोलण्याची नक्कल करणाऱ्या, टीव्हीचा रिमोट पदराखाली ठेवून झोपणाऱ्या सासूबाई. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते सासूबाई राहूनच केलं, आणि ते त्या तेरवीत कोणी सांगितलं नाही, कारण पुरतं कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी लिहिते आहे.

मुक्ता आता चौथीत आहे. ती पोटात होती तेव्हाची गोष्ट. त्याआधी एकदा माझा गर्भपात झाला होता. दिवस भरलेच नव्हते, मग घरात त्याबद्दल काय बोलायचं, असं काहीसं झालं आणि सगळे गप्प बसले. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जपायला सांगितलं, म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली. मी गणित शिकवायची. नितीन औषध कंपनीचा प्रतिनिधी, आठवड्यातले बरेच दिवस चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ असा फिरतीवर. माहेर कोल्हापूरला, तिथे बाबा आणि भाऊ, म्हणजे फोनवर 'बरी आहेस ना' आणि 'हो' यापलीकडे काही नाही. घरात मी आणि सासूबाई. सगळं चांगलं चाललेलं होतं असंच कोणीही म्हटलं असतं.

मला झोप येईना. पहाटे जाग यायची आणि छातीवर कोणी पाय ठेवून उभं असल्यासारखं वाटायचं. जेवण तोंडात फिरायचं. दुपारी उगाच रडू यायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे कधीकधी काहीच यायचं नाही. बाळाबद्दल विचार केला की आनंदाऐवजी भीती यायची, आणि मग आनंद होत नाही याची लाज. साडी बदलावी, केस विंचरावे, एवढ्यासाठी सुद्धा डोंगर चढावा लागायचा. मी बाथरूममध्ये जायची, आतून कडी लावायची, नळ सोडायची आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसून राहायची. तेवढी एकच जागा होती जिथे माझ्या चेहऱ्याकडे कोणी बघत नव्हतं.

सासूबाईंच्या ते लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. पण त्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो आपल्याकडची कुठलीही सासू लावेल तोच होता. पोटुशी पोर जेवत नाही, रडते, चिडते, म्हणजे तिला डोहाळे लागलेत आणि ती लाजेने सांगत नाही. "डोहाळे कडक आहेत," असं त्यांनी गल्लीत जाहीर केलं, आणि त्या जाहीर करण्यात थोडा अभिमानही होता. डोहाळा पुरवला नाही तर बाळाचा कान फुटतो, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे रोज सकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय खावंसं वाटून राहिलं वं तुले?" मी म्हणायची, काही नाही. त्या म्हणायच्या, "काही नाही असं कुठं असते? सांग ना, लाजून काहून राहिली?"

मग सुरू झाला तो छळ. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चिंच आली, आवळे आले, कैरी नव्हती त्या दिवसांत तर कोणाच्या तरी बरणीतली मिठातली कैरी आली. तर्रीपोहे आले, कोथिंबिरीची सांबारवडी आली, संत्रा बर्फी आली. समोरच्या काकूंनी गोळाभात पाठवला, त्यांच्या जावेने पाटवडी. गल्लीतल्या बायका जणू कोडं सोडवायला बसल्या होत्या. एकीने सुचवलं की हिला मातीचा डोहाळा असेल. झालं. सासूबाई एसटीने उमरेडला जाऊन आपल्या माहेरच्या कुंभाराकडून भाजलेल्या मातीचे तुकडे घेऊन आल्या, आणि ते एका वाटीत घालून इतक्या आशेने माझ्यासमोर धरले की मी एक तुकडा चाखला. मग त्यांच्या देखतच मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, सापडला डोहाळा! पुढे कितीतरी दिवस माझ्या उशाशी मातीची वाटी असायची. आज हसू येतं. तेव्हा प्रत्येक ताट समोर आलं की मला वाटायचं, इतकी माणसं इतकं करताहेत आणि माझ्यातून काहीच उगवत नाही, म्हणजे मीच काहीतरी बिघडलेली आहे.

सातव्या महिन्यात त्यांनी डोहाळजेवण घातलं. दुपारची वेळ, हॉलमध्ये झोपाळा बांधलेला, हिरवी साडी, फुलांचे दागिने. गल्लीतल्या आणि उमरेडच्या मिळून घरभर बायका. नितीन गोंदियाला होता. गाणी झाली, ओट्या भरल्या, आणि मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा. सासूबाईंना नातू हवा होता, हे त्यांनी कधी लपवलं नाही. सगळ्या जणी पुढे वाकून बघत होत्या. मला हात उचलता येईना... रुसवा नव्हता तो, नाटक नव्हतं, हात खरंच उचलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "माहेर आठवलं पोरीले." सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या आणि त्यांना जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता तरी सांग वं. काय पायजे ते सांग. कुठूनही आणतो मी."

मी सांगितलं. मी म्हटलं, "आई, मला एकच वाटतं. उद्या उठायला नको. मी नसले तर बरं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील, अशा दिवशी असं अभद्र बोलतेस म्हणून. त्यांनी दोन्ही वाट्या उचलल्या, न उघडता देवघरात नेऊन ठेवल्या, आणि हॉलमध्ये येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पोरीले चक्कर येऊन राहिली. तुम्ही साऱ्या जेवून घ्या. पुरण गरम आहे." मग मला आत नेलं, पलंगावर बसवलं आणि फुलांचा एकेक दागिना काढत विचारलं, "हे कवापासून?" मी म्हटलं, पहिल्यापासून. "मंग मले काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही रोज काय खायचं एवढंच विचारत होतात." हातातली वेणी त्यांनी किती तरी वेळ तशीच धरून ठेवली होती. मग विचारलं, "न्हाणीत जाऊन बसतं ते याच्यासाठीच?" मी हो म्हटलं.

बाहेर पंगत बसलेली असतानाच त्यांनी वखारीतून एका सुताराला बोलावून आणलं आणि बाथरूमच्या सागवानी दाराची पितळेची कडी काढायला लावली. पाहुण्या बायकांची केवढी पंचाईत! एक आत्याबाई तर तणतणत बाहेर आल्या, "शकुंतले, हे काय वं, भरल्या घरात दाराची कडी काढतं?" सासूबाई म्हणाल्या, "बिघडली होती." दुसऱ्या दिवसापासून मी आंघोळीला गेले की त्या दाराबाहेर प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसायच्या, मांडीवर मेथी नाहीतर तांदूळ निवडायला घेऊन. थोड्या थोड्या वेळाने विचारायच्या, "आहेस ना वं?" मी आतून म्हणायची, "आहे." पहिल्यांदा मला त्याचा भयंकर राग यायचा.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. सासूबाई बरोबर आल्या, डोहाळजेवणातलीच जरीची साडी नेसून, कारण मोठ्या डॉक्टरकडे जायचं होतं. ते डॉक्टर शांतपणे एकेक विचारत गेले. आधी कधी गर्भ पडला होता का? त्यानंतर कोणाशी बोललात? तुमच्या आई? नोकरी? नवरा घरी किती असतो? पूर्वी कधी असं झालं होतं का? आई गेल्यावर कॉलेजात एक वर्ष मी असंच अंधारात काढलं होतं, ते मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. मुलगाच हवा असं घरात कोणी म्हणतं का, हेही त्यांनी विचारलं. मी खाली बघितलं, आणि सासूबाईंनी स्वतःच उत्तर दिलं, "मी म्हणतो." मला वाटत आलं होतं की हे सगळं माझ्या स्वभावातली खोट आहे. हा माणूस मात्र पत्ता विचारावा तसा एकेक गोष्ट विचारत होता आणि प्रत्येक ठिकाणी माझं घर सापडत होतं. गरोदरपणात असं पुष्कळ जणींना होतं, ते म्हणाले. कोणाची साखर वाढते, कोणाचा रक्तदाब वाढतो, तसा हा आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत.

तेव्हा सासूबाई जे बोलल्या ते मला शब्दनशब्द आठवतं. "डॉक्टर, मले हे समजत नाही. घरात खायले आहे, माझा पोरगा दारू पीत नाही, मी हिले जाचत नाही... जाचतो का वं?" मी म्हटलं, नाही. "मंग दुःख कायचं, मले समजत नाही. पण ही पोरगी खोटं बोलत नाही. तुम्ही औषध द्या." त्या अख्ख्या दिवसांत मला धीर वाटला तो या वाक्याने. इतर सगळ्यांना, अगदी नितीनलाही, आधी पटवून द्यावं लागत होतं. यांना पटलं नव्हतं आणि तरी त्या माझ्या बाजूला बसल्या होत्या.

गोळीवरून मात्र त्यांनी वाद घातला. पोटातल्या लेकराला काही झालं तर? डॉक्टरांनी समजावलं की अशा आजाराकडे दुर्लक्ष केलं तर त्याचाही त्रास आईला आणि बाळाला दोघांनाही होतो, आणि दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील. तसंच झालं. आधी बोलण्याचे उपचार, मग विचारपूर्वक निवडलेली एक गोळी. सासूबाईंनी नितीनला फोन लावला. "साऱ्या जिल्ह्यात गोळ्या विकत हिंडतो ना? मंग आता घरी ये न आपल्या बायकोले दे." तो आला, साहेबाकडे रडगाणं गाऊन जवळची फिरती मागून घेतली. पहिल्या गर्भपातानंतर आम्ही दोघं न बोलता राहिलो होतो, ते त्याने नंतर एका दुपारी काढलं आणि तोही माझ्याइतकाच रडला.

लपवाछपवी सासूबाईंना जमणारी नव्हती. "सुनेले नैराश्य झालं, डॉक्टरची दवाई चालू आहे," असं त्यांनी भाजी घेता घेता गल्लीला सांगून टाकलं. मी शरमेने मेले. पण झालं असं की ताटं यायची थांबली, आणि समोरच्या काकू एका दुपारी येऊन नुसत्याच बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्या धाकटीच्या वेळी मले असंच होत होतं. आम्हाले काय माहीत, त्याले नाव असते." इकडे सासूबाईंचं दृष्ट काढणंही सुरूच. मी एकदा वैतागून म्हटलं, आई, आता डॉक्टर आहेत ना? तर म्हणाल्या, "डॉक्टरचंही करू, मीठमिरच्याही ओवाळू. तुले काय अडचण आहे?" मला काहीच अडचण नव्हती.

जादू वगैरे झाली नाही. हळूहळू झोप यायला लागली, मग एका सकाळी मी आपणहून पोहे मागितले. सासूबाईंनी लगेच कढई चढवली. मुक्ता झाली. मुलगी झाल्याचं कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, मी पाहिला. दुपारभर त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होत्या. संध्याकाळी आत आल्या, तिला मांडीवर घेतलं आणि त्यानंतर दहा वर्षं ती मांडी मुक्ताने सोडली नाही. बाळंतपणानंतरही काही आठवडे वाईट गेले. स्टूल पुन्हा बाथरूमबाहेर आलं. 'आहेस ना वं?' पुन्हा सुरू झालं. आणि मी बरी झाल्यावरही ते राहिलंच, कारण दाराला कडी नव्हती आणि कोणालातरी विचारावंच लागायचं. नितीन आत असला तरी त्या विचारायच्या. मुक्ता तर बोलायला शिकली तेव्हापासून ओरडून सांगते, "आहे!"

एकदा मी त्यांना विचारलं होतं, तुम्हालाही कधी असं झालं होतं का? माझी अपेक्षा होती की त्या हो म्हणतील, काहीतरी दडवलेलं सांगतील. त्या हसल्या. "मले काहीच झालं नाही वं. नितीनच्या वेळी तर मी चोरून शेंगा खात होतो अन् मस्त घोरत होतो." मग म्हणाल्या, "तुले काय झालं होतं ते मले आजही समजत नाही. पण तू म्हटलं ना, होऊन राहिलं म्हणून. झालं मंग."

ती कडी त्यांनी देवघराच्या खणात, उमरेडच्या हातमागाच्या एका जुन्या फडक्यात बांधून ठेवली होती. दर दिवाळीला समई आणि निरांजनं चिंच लावून घासायला काढत, तेव्हा तीही काढत. घासून लखलखीत करून माझ्यासमोर धरत आणि विचारत, "लावू का वं?" मी म्हणायची, राहू द्या. सुरुवातीला मी भीतीने म्हणायची. बंद दाराआड पुन्हा तसं काही झालं तर, ही भीती बरीच वर्षं होती. नंतर ती गेली, पण मी तरी राहू द्या म्हणत राहिले. वर्षातून एकदा कोणीतरी मला विचारत होतं, माझ्या हो-नाहीची वाट बघत होतं. ते मला हवं होतं. त्या घरभर पाहुण्यांची बोलणी खात, पण माझ्या परवानगीवाचून त्यांनी ती कडी कधी लावली नाही.

तेरवीच्या दिवशी बाथरूमच्या दारावरून पुन्हा तीच कुरकुर झाली. पाहुणे गेल्यावर नितीन म्हणाला, "आता नवीन कडी आणू का?" मी म्हटलं, नवीन कशाला? खण उघडला. गेल्या दिवाळीला घासलेली कडी तशीच चकचकीत होती, स्क्रूसकट. मी देवघरासमोर उभी होते, कोणी बघत नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हटलं, "लावा आई आता." वखारीतला सुतार येऊन अर्ध्या तासात लावून गेला. दारातली जुनी भोकं सासूबाईंनी साबणाने बुजवली होती, तो वाळलेला साबण त्याने आधी कोरून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले आणि कडी लावली. तिचा आवाज मी विसरले होते. बादली भरत होती, आणि मी दाराकडे बघत उभी होते. बाहेर स्टूल नव्हतं. ते उचलून कोणी गच्चीवर नेलं कोण जाणे... खूप रडले. आजारपणातलं रडणं नव्हतं ते. कोणासाठी रडते आहे ते मला नीट ठाऊक होतं, आणि रडून झाल्यावर भूकही लागली होती. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मुक्ता शाळेच्या घाईत होती. कडी बसवलेली तिला ठाऊक होती, ढकललं तरी दार उघडणार नव्हतं, विचारायची काही गरज नव्हती. तरी ती दाराशी थांबली आणि आजीच्याच आवाजात तिने विचारलं, "आहेस ना वं?"

"आहे," मी म्हटलं, आणि तांब्या भरून घेतला.